लाल पडलेल्या प्रिंटचे रंग परत आणणे: अनेक स्रोत वापरण्याची क्रमवार पद्धत

जुन्या इस्टमनकलर (कोडॅकच्या रंगीत फिल्मवरच्या) प्रिंटचे स्कॅन हाती आले की बहुतेक जण रंगसुधारणेच्या सॉफ्टवेअरमध्ये आधी लाल कमी करतात, मग हिरवा थोडा वाढवतात आणि चेहरे बरे दिसू लागले की काम मार्गी लागले असे समजतात. पुढच्याच प्रसंगात सावल्या हिरवट दिसतात, केस चॉकलेटी राहतात आणि झाडे मातकट. अशा प्रिंटमध्ये लाल वाढलेला नसतो. बाकीचे रंग गेलेले असतात. जे क्षीण होऊन का होईना उरले आहे ते गणिताने वर आणता येते, आणि जे नाहीसेच झाले आहे ते दुसऱ्या स्रोतातूनच आणावे लागते. या दोहोंची फारकत आधी केली नाही, तर सगळे काम पुन्हा पहिल्यापासून करण्याची पाळी येते.

येथे १९७० च्या दशकातील ३५ मिमी प्रदर्शन-प्रिंट हा मुख्य स्रोत धरला आहे. जोडीला त्याच चित्रपटाची दुसरी प्रिंट, डीव्हीडी किंवा व्हीसीडी, आणि कोणी घरी टेपवर उतरवून ठेवलेले टीव्हीवरचे प्रक्षेपण यांपैकी काहीतरी हाताशी आहे असे गृहीत धरले आहे.

टप्पा १: रीळ तपासणे

डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ट्रायअॅसिटेट पाया, म्हणजे चित्राचा थर ज्यावर असतो ते प्लास्टिक, विघटित होऊ लागला आहे असे समजावे. असे रीळ इतर रिळांपासून लगेच वेगळे करावे आणि स्कॅनिंगच्या रांगेत सर्वांत पुढे ठेवावे, कारण रंगाचे काम थांबू शकते, पायाचे विघटन थांबत नाही. त्यानंतर आकुंचन मोजावे. लांबीत सुमारे एक टक्क्याहून अधिक आकुंचन झालेली फिल्म दातेरी चाकांच्या यंत्रावर चढवू नये. तिला रोलरवर चालणारा स्कॅनरच हवा.

रीळ हाताने टेबलावर फिरवून प्रत्येक जोड, फाटलेले छिद्र आणि तुटलेला भाग फुटांसह वहीत नोंदवावा. ३५ मिमीमध्ये एका फुटात १६ फ्रेम असतात, त्यामुळे १००० फुटांच्या रिळात १६,००० फ्रेम म्हणजे अकरा मिनिटांपेक्षा थोडे अधिक चित्र बसते. १६ मिमीमध्ये फुटाला ४० फ्रेम धराव्यात. तंबूतल्या टॉकीजमधून फिरून आलेल्या प्रिंटमध्ये रिळांची सुरुवात आणि शेवट सर्वाधिक झिजलेले असतात आणि गाण्यांच्या मधले तुकडेही अनेकदा कापून नेलेले असतात. या नोंदी सातव्या टप्प्यात पुन्हा लागणार आहेत.

प्रत्येक रिळाच्या कडेवरचा स्टॉकचा छापही पाहावा. एकाच प्रिंटमधील रिळे वेगवेगळ्या स्टॉकवर किंवा वेगवेगळ्या वेळी छापलेली असू शकतात, विशेषतः खराब झालेले एखादे रीळ नंतर बदलले असेल तर. अशी रिळे निरनिराळ्या प्रमाणात फिकटतात आणि एका रिळाचे आकडे दुसऱ्याला लावता येत नाहीत.

*सावधान:* साफसफाईपूर्वी जोड तपासावेत. जुन्या चिकटपट्टीचे जोड द्रावकात सुटतात.

टप्पा २: कोणत्या स्रोताकडून काय घ्यायचे ते ठरवणे

हाती आलेला प्रत्येक स्रोत सारख्याच योग्यतेचा मानणे, आणि ज्या शॉटला जे बरे दिसेल ते उचलणे, ही फार सामान्य चूक आहे. प्रत्येक स्रोताला एकच मुख्य काम द्यावे. बारकावा, चौकटीची रचना आणि प्रकाश-छायेची उतरण हे सर्व मुख्य प्रिंटकडून घ्यावे. रंगाची साक्ष ज्याच्याकडून घ्यायची तो स्रोत धूसर असला तरी चालतो, पण त्याचे रंग खरे हवेत. तिसरा स्रोत केवळ गाळलेल्या फ्रेम भरण्यासाठी ठेवावा.

रंगाचा साक्षीदार निवडताना डीव्हीडीचे वेष्टन किंवा प्रकाशनाचे वर्ष पाहून काहीच कळत नाही, कारण ती डीव्हीडी स्वतःच लाल पडलेल्या प्रिंटवरून केलेली असू शकते. ऑपरेटरने पांढरे पांढरे आणि काळे काळे करून दिले की वरवर सर्व ठीक वाटते. खरी परीक्षा मधल्या छटांमध्ये होते. हिरवे शेत, निळे आकाश आणि माणसाची त्वचा एकाच चौकटीत असलेला शॉट शोधावा. त्यात गवत तपकिरी आणि आकाश करडे असेल, तर त्या डीव्हीडीला साक्षीला बोलावू नये. प्रसारण यंत्रणेच्या दोषांनी भरलेली जुनी टेपसुद्धा अनेकदा अधिक भरवशाची ठरते, कारण तिच्यावरचे चित्र प्रिंट ताजी असताना उतरवलेले असते.

पोस्टर हा रंगाचा पुरावा नव्हे, तो चित्रकाराच्या हातचा असतो. चित्रगृहाबाहेर लावली जाणारी छायाचित्रेही वेगळ्या फिल्मवर, वेगळ्या प्रकाशात, कधी कृष्णधवल काढून नंतर हाताने रंगवलेली असतात. साडी हिरवी होती की निळी एवढ्या प्रश्नापुरतीच ती वापरावीत.

या टप्प्यावर आणखी दोन गोष्टी उरकाव्यात. पुण्याचे राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून काम करीत आहे आणि आता राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा भाग आहे. तेथे त्या चित्रपटाची नेगेटिव्ह किंवा अधिक चांगली प्रिंट आहे का, याची विचारणा स्कॅनिंगवर पैसे घालण्यापूर्वी करावी. दुसरे म्हणजे, रीळ ताब्यात असणे आणि चित्रपटाचे हक्क असणे या वेगळ्या बाबी आहेत. भारतात चित्रपटाचे स्वामित्व प्रदर्शनाच्या पुढच्या वर्षाच्या आरंभापासून ६० वर्षे टिकते, तेव्हा हक्कदाराची लेखी परवानगी आधी घ्यावी.

टप्पा ३: स्कॅनिंग

स्कॅन करणाऱ्याला स्पष्ट लिहून द्यावे की कोणतीही स्वयंचलित रंगसुधारणा नको, धार वाढवणे नको आणि दाणा (फिल्मच्या चित्रातली मूळ खरखर) कमी करणेही नको. चित्र सपाट, फिके आणि लालच यायला हवे. चौकटीबाहेरचा भाग, म्हणजे छिद्रांभोवतालची पट्टी आणि दोन फ्रेममधली काळी रेघ, स्कॅनमध्ये यावा असा आग्रह धरावा. तो का, हे पाचव्या टप्प्यात कळेल.

दहा बिटच्या नेहमीच्या लॉग पद्धतीत एक पायरी घनतेच्या, म्हणजे फिल्म प्रकाश किती अडवते त्या मापाच्या, ०.००२ इतकी असते, म्हणजे सगळ्या पायऱ्या मिळून साधारण २ एवढीच घनता मावते. ही मापे नेगेटिव्हसाठी बेतलेली आहेत, आणि पॉझिटिव्ह प्रिंटमधला गडद काळा ३ च्याही वर जातो. उलट लाल चॅनेलमध्ये (चित्राच्या केवळ लाल प्रकाशाच्या नोंदीत), जिथे सायन म्हणजे हिरवट निळे रंगद्रव्य उडून गेले आहे, सगळे चित्र ०.३ एवढ्या घनतेत कोंबलेले असू शकते. त्याच्या वाट्याला जेमतेम १५० पायऱ्या येतात. म्हणून सोळा बिटमध्ये स्कॅन घ्यावे, आणि स्कॅनरमध्ये लाल, हिरव्या व निळ्या प्रकाशाची मात्रा स्वतंत्रपणे ठरवता येत असेल तर प्रत्येक चॅनेल आपापल्या परीने भरेल अशी ती ठरवावी. एकाच फ्रेमचे दोन वेगळ्या प्रकाशमात्रांत स्कॅन घेऊन ते जोडण्याची सोय असेल, तर तिचा खर्च वसूल होतो. इन्फ्रारेड चॅनेल मिळत असेल तर तेही घ्यावे. रंगद्रव्ये त्या प्रकाशाला पारदर्शक असतात, धूळ आणि ओरखडे नसतात.

*तपासणी:* पहिल्या रिळातील काळोखाचा एक शॉट आणि उन्हाचा एक शॉट घेऊन तिन्ही चॅनेलचे हिस्टोग्राम (अंधारापासून उजेडापर्यंत कोणती छटा किती आहे याचे आलेख) पाहावेत. कोणत्याही टोकाला चिकटलेली उभी रेघ दिसली तर ते रीळ पुन्हा स्कॅन करून घ्यावे. तिथे कापले गेलेले पुढे कशानेही मिळत नाही.

साठवणुकीचा हिशेब आधीच करावा. २०४८ × १५५६ मापाची दहा बिटची एक डीपीएक्स (स्कॅनची प्रत्येक फ्रेम स्वतंत्र फाइलीत ठेवण्याचा प्रकार) फ्रेम सुमारे पावणेतेरा एमबी भरते, म्हणजे १००० फुटांच्या रिळाला २०० जीबीहून थोडे जास्त. सोळा बिटमध्ये हा आकडा दीडपट होतो.

टप्पा ४: लाल चॅनेलची परीक्षा

हा टप्पा छोटा आहे आणि तोच सर्वाधिक गाळला जातो. अंधारात साठवलेल्या त्या काळच्या प्रिंटमध्ये सायन आधी जाते, पिवळे त्याच्यामागून, आणि मॅजेंटा (जांभळट गुलाबी) टिकून राहते. सायन लाल प्रकाश अडवते, म्हणून लाल चॅनेल हे सायनचे आरोग्यपत्र. त्याचप्रमाणे निळे चॅनेल पिवळ्याचे आणि हिरवे मॅजेंटाचे. तिन्ही चॅनेल वेगवेगळी करून कृष्णधवल चित्र म्हणून पाहावीत. हिरवे चॅनेल बहुधा सुरेख दिसते. लाल चॅनेलचा कॉन्ट्रास्ट पूर्ण ताणून पाहावा: चेहऱ्याचा गोलवा, केसांच्या बटा, कापडाच्या घड्या ओळखू येतात का, की फक्त दाणे आणि पुसट आकार?

हे एका चौकटीवर पाहू. काळ्या केसांचा अंबाडा, कपाळावर कुंकू, हिरवी चोळी, मोरपंखी काठ, अंबाड्यात झेंडू. केसांचा काळा रंग तिन्ही द्रव्यांचा बनलेला असतो, कुंकू मॅजेंटा आणि पिवळ्याचे. सायन पूर्ण गेले की केसांतही मॅजेंटा आणि पिवळेच उरते, म्हणजे केस आणि कुंकू एकाच रंगाचे होतात. हिरवी चोळी सायन वजा होऊन पिवळी पडते, मोरपंखी काठ फिका गुलाबी होतो, झेंडू मात्र जवळजवळ जसाच्या तसा राहतो. केस कुंकवाच्याच रंगाचे झाल्यावर रंगसुधारणेची कोणतीही चकती फिरवून त्यांना वेगळे करता येत नाही, कारण केस काळे केले की कुंकूही काळे होते.

प्रत्येक शॉटपुढे वहीत तीनपैकी एक शेरा लिहावा: क्षीण, अतिक्षीण, गेले. क्षीण शॉट पाचव्या टप्प्यात जवळपास पूर्ण होतात. अतिक्षीण शॉटना साक्षीदाराची मदत लागते, आणि गेलेल्या शॉटचा रंग संपूर्णपणे बाहेरून येतो.

टप्पा ५: घनतेत मूळ दुरुस्ती

दुरुस्ती प्रकाशमूल्यांवर न करता घनतेवर करावी. घनता म्हणजे फिल्ममधून पार जाणाऱ्या प्रकाशाच्या प्रमाणाचा दहा पायाचा ऋण लॉगॅरिदम. अंधारातल्या फिकटण्यात रंगद्रव्य साधारणपणे जेवढे होते त्याच्या प्रमाणात घटते, त्यामुळे घनतेत साधा गुणाकार करून ते बऱ्याच अंशी उलटवता येते. हेच प्रकाशमूल्यांवर करू गेल्यास सावल्या आणि उजळ भाग यांना वेगळ्या रंगांची झाक येते आणि मग माणूस दिवसभर तीच निस्तरत बसतो.

१. छिद्रांभोवतालच्या न छापलेल्या पारदर्शक पट्टीची तिन्ही चॅनेलमधील घनता मोजून ती संपूर्ण चित्रातून वजा करावी. पायाला आलेला पिवळसरपणा यात जातो.

२. दोन फ्रेममधली रेघ प्रिंटमध्ये काळी छापलेली असते. तिची तिन्ही चॅनेलमधील घनता मोजावी आणि लाल व निळ्याला हिरव्याच्या बरोबरीला आणणारा गुणक काढावा. हा आरंभबिंदू आहे, अंतिम उत्तर नव्हे.

३. ही रेघ डावीकडे, मध्यभागी आणि उजवीकडे, तसेच रिळाच्या आरंभी, मध्ये आणि शेवटी मोजावी. रिळाच्या कडा आणि बाहेरचे वेढे मधल्या भागाहून वेगळे फिकटलेले असतात. गुणक सर्वत्र एकच ठेवला तर चित्राच्या एका बाजूला निळसर पट्टा उमटतो.

४. कोणतेही रंगद्रव्य केवळ आपलाच प्रकाश अडवत नाही. मॅजेंटा थोडा निळा प्रकाशही अडवते, सायन थोडा हिरवा. म्हणून गुणाकारापूर्वी तीन बाय तीनच्या मॅट्रिक्सने (नऊ गुणकांच्या चौकटीने) ही मिसळ वेगळी करावी आणि नंतर परत मिसळावी. ही पायरी गाळल्यास त्वचा कायम विटकरी राहते.

*सावधान:* गुणक ३ च्या पुढे गेला की दाणेही तिपटीने वाढतात. ३.० ची घनता ०.३ वर आली असेल तर गुणक १० होतो आणि लाल चॅनेलमध्ये चित्रापेक्षा खरखरच अधिक दिसते. अशा शॉटमध्ये गुणक मुद्दाम कमी ठेवून उरलेला रंग आठव्या टप्प्यावर सोडावा. त्याच चित्रपटाची तितकीच लाल पडलेली दुसरी प्रिंट असेल तर तिच्यातून नवा रंग मिळत नाही, परंतु दोन्हींची लाल चॅनेल जुळवून सरासरी काढली असता प्रिंटच्या स्वतःच्या दाण्याचा त्रास कमी होतो आणि एकीवरचे ओरखडे दुसरीने भरता येतात.

या दुरुस्तीआधी चित्र स्थिर करणे आणि लुकलुक काढणे उरकावे. हलत्या चौकटीवर मोजलेली रेघ भलतेच आकडे देते.

टप्पा ६: व्हिडिओ स्रोत मूळ स्थितीत आणणे

व्हिडिओ आहे तसा वापरू नये. पॅल (भारतातल्या टीव्हीच्या पद्धतीच्या) डीव्हीडीवर सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट २५ च्या वेगाने चालवलेला असतो; तिथे फक्त वेग बदलावा, फ्रेम घटवू नये. एनटीएससीमध्ये (अमेरिकी टीव्हीच्या पद्धतीत) चार चित्रपट-फ्रेमच्या पाच व्हिडिओ-फ्रेम केलेल्या असतात. त्या उलट प्रक्रियेने परत चारवर आणाव्यात. अॅव्हिसिंथ किंवा व्हेपरसिंथ या व्हिडिओ-प्रक्रियेच्या सॉफ्टवेअरमध्ये या दोन्ही गोष्टी होतात. सरसकट डीइंटरलेस केल्यास, म्हणजे एकाआड एक ओळींची अर्धी चित्रे जोडून टाकल्यास, दोन फ्रेमची भेसळ होऊन रंगाला भुताटकीच्या कडा येतात.

डीव्हीडीचे रंग ६०१ या जुन्या टीव्हीच्या मानकाचे असतात. ते ७०९ या एचडीच्या मानकाचे समजून उघडले तर लाल आणि हिरवे दोन्ही किंचित सरकतात आणि पुढची सगळी जुळणी या चुकीवर उभी राहते. टेपवरचा रंग बहुधा उजवीकडे सरकलेला असतो. तो लाल कापडाच्या उभ्या कडेवर पाहून जागेवर आणावा. रंगाचा बारकावा किती कमी आहे हेही लक्षात असावे: ७२० × ५७६ च्या डीव्हीडीत रंग ३६० × २८८ एवढाच असतो, व्हीसीडीत त्याच्याही चौथाई.

टप्पा ७: फ्रेमला फ्रेम जुळवणे

दोन्ही स्रोत एका कालरेषेवर ठेवून प्रत्येक शॉटची पहिली आणि शेवटची फ्रेम जुळवावी. प्रिंटमध्ये जिथे जोड आहे तिथे फ्रेम गेलेल्या असतात; पहिल्या टप्प्यातली वही उघडून त्या जागी तितक्या रिकाम्या काळ्या फ्रेम घालाव्यात, म्हणजे पुढचे सगळे सरकत नाही. जोडापलीकडे एका फ्रेमचा फरक स्थिर शॉटमध्ये नजरेला येत नाही, पण लावणीत फिरणाऱ्या पदरामागे रंगाचा ढग धावू लागतो.

मग भौमितिक जुळणी. नेहमी व्हिडिओला वाकवून स्कॅनवर बसवावे, स्कॅनला कधीही हात लावू नये. मुख्य प्रिंट सिनेमास्कोप असेल आणि व्हिडिओ जुन्या टीव्हीच्या चौकोनी आकाराचा, तर व्हिडिओत रुंदीचा निम्म्याहून थोडा अधिकच भाग सापडतो आणि तोही शॉटच्या मध्येच सरकतो. बाजूंच्या भागाला साक्षीदारच नसतो, हे लक्षात घेऊन पुढची रीत निवडावी.

*तपासणी:* दोन्ही चित्रांचा फरक पडद्यावर दाखवून शॉट चालवावा. कडांना दुहेरी रेघा दिसू नयेत.

टप्पा ८: रंग आणणे

पहिली रीत रूपांतर-तक्त्याची. शॉटमधील जुळलेल्या फ्रेमवरून स्कॅनचा कोणता रंग व्हिडिओच्या कोणत्या रंगाशी पडतो याचा त्रिमितीय तक्ता बनवावा आणि तो संपूर्ण चौकटीला लावावा. बारकावा अबाधित राहतो, सिनेमास्कोपच्या बाजूही रंगतात आणि व्हिडिओचे ठोकळे चित्रात येत नाहीत. माझ्या मते शक्य असेल तिथे हीच रीत वापरावी. तक्ता बनवताना दोन्ही चित्रे आधी धूसर करावीत, नाहीतर दाण्यालाच रंग समजले जाते.

केस आणि कुंकू एक झालेल्या शॉटमध्ये मात्र तक्ता हरतो, कारण त्याला एकाच रंगाची दोन उत्तरे द्यावी लागतात आणि तो मधले तपकिरी उत्तर देतो. तिथे दुसरी रीत: व्हिडिओच्या लाल चॅनेलमधून ठोक उजेड-अंधार घ्यावा, स्कॅनच्या हिरव्या चॅनेलमधून सूक्ष्म तपशील घ्यावा आणि दोन्ही मिळवून नवे लाल चॅनेल रचावे. कडा सांभाळणारा गाळणीप्रकार वापरला नाही तर कुंकवाभोवती प्रभा दिसते, कारण त्या कडेवर लाल आणि हिरवे परस्परविरुद्ध वागतात. अशा कडांवर मुखवटा काढून हातानेच काम करावे लागते.

तेजस्विता व्हिडिओतून घेण्याचा मोह टाळावा. त्याचबरोबर लाल पडलेल्या स्कॅनची नेहमीच्या सूत्राने काढलेली तेजस्विताही वापरू नये, कारण त्यात उजळलेले लाल चॅनेल मिसळून सावल्या पांगळ्या होतात. नवे लाल आणि निळे चॅनेल तयार झाल्यावरच तेजस्विता काढावी.

साक्षीदार नसलेल्या शॉटला त्याच प्रसंगातील, त्याच प्रकाशातील शेजारच्या शॉटचा तक्ता लावावा. संगणकाला आपोआप रंग भरायला सांगणाऱ्या साधनांपासून येथे दूर राहावे. ती साडीला संभाव्य रंग देतात, आणि आपल्याला त्या साडीचा रंग हवा असतो.

टप्पा ९: शॉटची एकमेकांशी जुळणी

प्रत्येक प्रसंगातून सर्वांत भक्कम पुराव्याचा एक शॉट निवडून तो पक्का करावा आणि बाकीचे त्याच्याशी मिळवावेत. शेजारच्या शॉटला शेजारचा शॉट असे जुळवत गेल्यास रिळाच्या शेवटी रंग कुठल्याकुठे वाहत गेलेला असतो. एकातून दुसरे दृश्य उमलते तिथे ऑप्टिकल डुप्लिकेट (फिल्मवरून फिल्मवर पुन्हा छापलेला तुकडा) वापरलेले असल्याने दाणा आणि रंग एकदम बदलतात. तो तुकडा स्वतंत्र शॉट मानावा.

त्वचा व्हेक्टरस्कोपवरच्या (रंगाची छटा आणि गडदपणा दाखवणाऱ्या वर्तुळाकार आलेखावरच्या) त्वचेच्या रेषेवर बसवण्याचा हट्ट धरू नये. त्या काळचा मेकअप जाड होता, तमाशाच्या फडातले दिवे रंगीत होते आणि दिवसा चित्रित केलेली रात्र मुद्दाम निळी ठेवलेली असे. मॉनिटर डी६५ या प्रमाण पांढऱ्यावर, २.४ गॅमावर (मधल्या छटा किती उजळ दिसतात याच्या मापावर), अंधाऱ्या खोलीत कॅलिब्रेट केलेला असावा, आणि लाल स्कॅन बराच वेळ पाहिल्यावर लगेच निर्णय घेऊ नये. डोळ्यांना त्या लालाची सवय होते आणि योग्य चित्र हिरवे वाटते.

टप्पा १०: धूळ, ओरखडे, दाणा

हे रंगानंतर करावे. इन्फ्रारेड असेल तर त्याच्या आधारे, नसेल तर हाताने. लाल चॅनेल गुणाकाराने खरखरीत झालेले असते, म्हणून दाणा कमी करायचाच तर फक्त त्याच चॅनेलमध्ये आणि हिरव्याच्या पातळीपर्यंतच. स्वयंचलित धूळसफाई पाऊस, ठिणग्या आणि उधळलेला गुलाल हेसुद्धा पुसून टाकते. असे शॉट आधीच यादीत टाकून वगळावेत.

टप्पा ११: जतन आणि नोंद

मूळ स्कॅन न बदलता दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावे. तयार प्रत डीपीएक्स किंवा सोळा बिट टिफमध्ये, अथवा जागा कमी असल्यास एमकेव्ही फाइलीतील एफएफव्ही१ या संकोचन-पद्धतीत ठेवावी. त्यात काही गमावले जात नाही. पाचव्या टप्प्यातले गुणक, मॅट्रिक्स आणि प्रत्येक शॉटचा तक्ता यांच्या फाइली सोबत असाव्यात. शॉटगणिक एक ओळीची नोंद पुरते: रीळ क्रमांक, आरंभ व अखेर फ्रेम, रंग कोणत्या स्रोतातून, रीत पहिली की दुसरी, आणि शेजारच्या शॉटवरून अंदाजाने भरले असल्यास तसा स्पष्ट शेरा. उद्या कोणाला त्याच चित्रपटाची न फिकटलेली प्रिंट सापडली, तर आधी हे अंदाजाचे शॉट बदलायचे असतात, आणि ते यादीवरूनच शोधता येतात.